घराचा कानाकोपरा : बाथरूमची भिंत जड टाइल पेलेल का?



या महिन्यात तळोद्याहून आलेलं एका बहिणीचं पत्र घेतो. घर सासऱ्यांच्या हातचं. पुढचा भाग जुना, मातीच्या भिंतींचा, वर धाबं. मागच्या अंगणात पंधराएक वर्षांपूर्वी विटांच्या साडेचार इंची भिंती उभारून बाथरूम काढलं. त्याच्या तीन भिंती विटांच्या, चौथी मात्र जुन्या घराचीच, म्हणजे मातीची, आणि तिच्यावर सिमेंटचं प्लास्टर. दिराचा निकाह ठरला आहे, त्याआधी बाथरूम नवं करायचं आहे. दोन बाय चार फुटांच्या विट्रिफाइड टाइल्स सगळ्यांना पसंत पडल्या. दुकानदार म्हणतो, चांगलं अ‍ॅडेसिव्ह घ्या, कशालाही चिकटतं. मिस्त्री म्हणतो, भिंत एवढं वजन सहज पेलेल. सासरे म्हणतात, मातीच्या भिंतीला हात लावू नका. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, पाचही वेळची वुजू त्याच बाथरूममध्ये चौकीवर बसून करतात. एखादी टाइल सुटून त्यांच्या अंगावर आली तर? बहिणीला खरी धास्ती याची आहे, आणि ती रास्त आहे. अशा एका टाइलचं वजन साधारण पंधरा किलो भरतं.

पत्रातल्या तिघांचंही काही अंशी बरोबर आहे, कारण तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. मिस्त्री भिंतीच्या ताकदीबद्दल बोलतो, दुकानदार गोंदाबद्दल आणि सासरे पाण्याबद्दल. या दोन्हींच्या मधला जो थर असतो, त्याच्याबद्दल कुणीच बोललं नाही. तो थर प्लास्टरचा. टाइल विटेला चिकटत नाही, प्लास्टरला चिकटते. प्लास्टर विटेला धरून असेल तर टाइल टिकते, नसेल तर टाइल प्लास्टरला घेऊन खाली येते. पडलेल्या टाइलची मागची बाजू एकदा पाहा. बहुतेक वेळा तिला अख्ख्या प्लास्टरची खपली तशीच चिकटलेली दिसते. गोंदाने आपलं काम चोख केलेलं असतं, सुटलेलं असतं ते त्याच्या मागचं.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न हल्ली घरोघर निघतो, त्याला कारण आहे. टाइल्सचं मोठं केंद्र मोरबी, ते शेजारच्या गुजरातेत. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, तिथे मालाला कितीसा वेळ लागणार! पूर्वी आठ बाय बाराची छोटी सिरॅमिक टाइल तीन फुटांपर्यंत लावली की झालं असं होतं. आता चार-चार फुटी टाइल छतापर्यंत जाते. टाइल बदलली, भिंती त्याच राहिल्या.

आधी वजनाचा हिशोब मांडू, म्हणजे नुसती भीती उरणार नाही.

पाच बाय सात फुटांचं बाथरूम धरा. सात फूट उंचीपर्यंत टाइल लावायची आणि दाराची जागा वजा केली, तर सुमारे दीडशे चौरस फूट होतात. साधी आठ मिलिमीटर जाडीची सिरॅमिक टाइल चौरस फुटाला दीड किलोच्या आत असते. दोन बाय चारची विट्रिफाइड दोन किलोच्या आसपास. अठरा-वीस मिलिमीटरचा ग्रॅनाइट साडेचार ते पाच किलो. हे झालं टाइलचं. आता तिच्या मागे जो माल भरतात त्याचं पाहा. पाऊण इंच जाडीचा सिमेंट-वाळूचा माल चौरस फुटाला जवळपास चार किलो भरतो. पाच मिलिमीटर अ‍ॅडेसिव्ह मात्र पाऊण ते एक किलो.

म्हणजे दीडशे फुटांना विट्रिफाइड टाइल अ‍ॅडेसिव्हने लावली तर भिंतींवर सव्वाचारशे किलोच्या आसपास वजन चढतं. तीच टाइल जाड मालावर लावली तर नऊशे किलो. ग्रॅनाइट जाड मालावर लावला तर साडेतेराशेच्या घरात. टाइल जड की हलकी यावर घरात आठवडाभर वाद होतो, पण मागचा माल टाइलच्या दुप्पट वजनाचा असतो हे कुणाच्या गावीही नसतं. मिस्त्री जाड माल हौस म्हणून भरत नाही. भिंत ओळंब्यात नसते म्हणून भरतो. एका टोकाला अर्धा इंच आणि दुसऱ्या टोकाला दीड इंच माल भरून तो वाकडेपण झाकतो. म्हणून पहिली तपासणी ओळंब्याची. छतापासून ओळंबा सोडा, वर-मध्ये-खाली दोरी आणि भिंत यांतलं अंतर पट्टीने मोजा, प्रत्येक भिंतीवर दोन-तीन ठिकाणी. फरक तीन-चार मिलिमीटरचा असेल तर अ‍ॅडेसिव्हने काम होईल. इंचाचा असेल तर तो टाइलच्या मागे लपवायचा नाही, आधी प्लास्टर करून भिंत सरळ करायची.

आता ही भिंत एवढं पेलेल का? साडेचार इंची विटांची भिंत स्वतःच चौरस फुटाला वीस किलोच्या आसपास असते, नऊ इंची त्याच्या दुप्पट. तिच्यावर तीन किलोची टाइल म्हणजे मोठा भार नव्हे. बाथरूम जमिनीवर असेल आणि भिंतीला स्वतःचा पाया असेल तर मिस्त्रीचं म्हणणं खरं, भिंत या वजनाने खचणार नाही. चांगल्या भिंतीवर चांगल्या अ‍ॅडेसिव्हचा तळहाताएवढा पट्टासुद्धा पंधरा किलोची टाइल आरामात धरून ठेवील.

बाथरूम वरच्या मजल्यावर असेल तर गोष्ट वेगळी. स्लॅबवर, खाली बीम नसताना, मागाहून उभारलेली भिंत असेल तर आधीच स्लॅबवर नको तिथे भार आहे. त्यात नऊशे किलो घालण्याआधी इंजिनिअरला बोलवा. स्लॅबच्या खालच्या बाजूने, भिंतीच्या रेषेत चीर दिसत असेल तर जड टाइलचा विचारच सोडा.

पत्रातलं बाथरूम जमिनीवरचं आहे, तेव्हा मूळ मुद्द्याकडे येऊ. भिंत तपासायची म्हणजे काय करायचं?

पहिलं, ठोकून पाहणं. मिस्त्री दोन ठिकाणी टकटक करतो आणि मान डोलावतो, त्याला तपासणी म्हणत नाहीत. भिंतीवर खडूने फूट-फूटभराचे चौकोन आखा. स्क्रूड्रायव्हरची मूठ किंवा लाकडी हातोडी घेऊन प्रत्येक चौकोनात चार-पाच ठिकाणी हलके ठोका. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यांतला फरक लहान मूलही सांगतं. मुलांनाच बसवा, त्यांना मजा येते आणि त्यांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. पोकळ वाजेल तिथे फुली मारा. हे काम इशाच्या नमाजनंतर, रस्ता शांत झाल्यावर करावं, दिवसा रिक्षांच्या आवाजात फरक कळत नाही. फुल्या तुरळक आणि विखुरलेल्या असतील तर तेवढा भाग चौकोनी कापून, खरवडून नवं प्लास्टर घालता येतं. पाव-तृतीयांश भिंत फुल्यांनी भरली असेल तर सगळं प्लास्टर उतरवणं हेच शेवटी स्वस्त पडतं.

दुसरं, ओरखडा. जाड खिळा घेऊन भिंतीवर जोर देऊन रेघ ओढा. नुसती पांढुरकी रेघ उमटली तर प्लास्टर घट्ट आहे. खिळा आत रुतला, वाळू झरझर खाली आली तर ते प्लास्टर टाइल धरणार नाही. सिमेंट कमी पडलेलं असतं, किंवा वाळूत माती असते, किंवा प्लास्टर झाल्यावर त्यावर पाणीच मारलेलं नसतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. एप्रिल-मे महिन्यात केलेलं आणि दोनच दिवस पाणी मारलेलं प्लास्टर वरून कडक दिसतं, आतून भुसभुशीत असतं. ओरखड्याने ते उघडं पडतं.

तिसरं, रंग. जुन्या बाथरूमच्या भिंतीवर चुना, डिस्टेंपर, ऑइलपेंट असे थरावर थर असतात. त्यावर अ‍ॅडेसिव्ह लावलं की ते भिंतीला न चिकटता रंगाला चिकटतं, आणि रंगाचा पापुद्रा तर नखानेही निघतो. रंग पूर्ण खरवडून काढायचा, मग छिन्नीने टाचे मारायचे. 'मधूनमधून टाचे मारले' याला अर्थ नाही. इंच-दीड इंचावर एक असे दाट टाचे हवेत. नंतर धूळ ब्रशने झाडून भिंत धुऊन घ्यायची, कारण धुळीवर काहीच चिकटत नाही.

चौथं, ओल. दोन बाय दोन फुटांचं प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. बाथरूम एक दिवस वापरू नका. चोवीस तासांनी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलं असेल तर ओल भिंतीच्या आतून येते आहे. ती गळक्या नळाची असेल, जमिनीतून चढत असेल किंवा भिंतीपलीकडच्या न्हाणीची असेल. ती कुठून येते हे सापडेपर्यंत टाइल लावू नये. भिंतीला लोणा लागलेला असेल, पांढरी पूड आणि पोपडे दिसत असतील, तर हा प्रयोग करायचीही गरज नाही, भिंत स्वतःच सांगते आहे. टाइलने लोणा झाकला जातो, थांबत नाही. टाइलच्या मागे तो प्लास्टर पोखरत राहतो.

पाचवं, चिरा. या बाबतीत आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीची ओळख ठेवावी लागते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, शेतातल्या भेगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मूळ घराचा पाया खोल असतो, मागाहून जोडलेल्या बाथरूमचा मात्र जेमतेम फूटभर. त्यामुळे दोन्ही वेगवेगळे हलतात आणि जोडावर उभी चीर पडते. उन्हाळ्यात ती रुंदावते, पावसाळ्यात मिटल्यासारखी दिसते. चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहून ठेवा. काच तडकली तर चीर अजून चालती आहे. चालत्या चिरेवर टाइल लावली तर टाइल फुटेल नाहीतर सुटेल. अशा जोडावर टाइलचा सांधा आणून तिथे कडक ग्राउटऐवजी लवचिक सीलंट भरायचा, एक टाइल दोन्ही भिंतींवर पसरू द्यायची नाही. केसाएवढ्या, जाळीसारख्या बारीक चिरा प्लास्टरच्या असतात, त्यांची एवढी काळजी नको.

या पाचही परीक्षांत भिंत पास झाली तरी एक शेवटची परीक्षा राहते, आणि माझ्या मते तिच्यावरच सगळ्यांत जास्त विसंबावं. आणायची ती एकच टाइल आणा, किंवा तिचा फूटभर तुकडा. वापरायचं तेच अ‍ॅडेसिव्ह घ्या आणि भिंतीच्या सगळ्यांत संशयास्पद जागी तो तुकडा चिकटवा. सात दिवस हात लावू नका. आठव्या दिवशी मिस्त्रीला छिन्नी-हातोडी घेऊन तो उपटायला सांगा आणि जवळ उभ्या राहून पाहा, काय सुटतं ते. टाइलचे तुकडे झाले पण अ‍ॅडेसिव्ह भिंतीवरच राहिलं, तर बिनधास्त काम सुरू करा. टाइलच्या मागे रंगाचा पापुद्रा आला तर खरवडणं अपुरं झालं आहे. वाळूची पूड आली तर प्लास्टर कच्चं आहे. प्लास्टरची अख्खी खपली येऊन वीट उघडी पडली तर प्लास्टर आणि विटेचं नातं तुटलेलं आहे, तिथे कितीही महागाचं अ‍ॅडेसिव्ह वाया जाणार. आणि टाइल एकट्यानेच स्वच्छ, कोरी निघाली, तर अ‍ॅडेसिव्ह चुकीचं आहे किंवा लावण्याची पद्धत. या प्रयोगात जाते एक टाइल आणि आठ दिवस. निकाहाची तारीख जवळ असो की रमजान तोंडावर असो, हे आठ दिवस काढावेत.

थरांनी एकमेकांना धरून असणं किती मोलाचं, हे आपल्या महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडे फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. तिथल्या दगड-मातीच्या भिंती दोन-दोन फूट आणि त्याहून जाड होत्या. पण बाहेरचा दगडी थर वेगळा, आतला वेगळा, मधे माती आणि दगडांची भर, आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड नाहीत. धक्का बसताच थर एकमेकांपासून सुटले आणि वरची मातीची जड छतं खाली आली. बाथरूमच्या टाइलची तुलना त्या आपत्तीशी करायची नाही. पण जाडी म्हणजे मजबुती नव्हे, एवढं त्यातून घ्यायला हवं.

आता पत्रातली चौथी भिंत, मातीची. इथे सासऱ्यांचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे, फक्त कारण वजनाचं नाही.

धाब्यावरची फूटभर मातीच चौरस फुटाला पंचेचाळीस-पन्नास किलो भरते. ज्या भिंतीने इतकी वर्षं असलं धाबं पाहिलं, तिला तीन किलोची टाइल जड नाही. पण मातीची भिंत कोरडी आहे तोवरच भिंत आहे. ती पावसाळ्यात थोडी ओल घेते आणि नंतर वाऱ्यावर सोडून देते. तिच्यावर सिमेंटचं प्लास्टर केलं की ओल बाहेर पडायची वाट अडते. शिवाय सिमेंट मातीला नीट धरतही नाही, एक कडक कवच नुसतं टेकून उभं असतं. त्यावर टाइल लावली की उरलीसुरली वाट बंद. आणि टाइल म्हणजे पाणीबंद भिंत हा मोठा गैरसमज आहे. टाइलमधून पाणी जात नाही, सांध्यांतून जातं, नळाच्या कडेने जातं, फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यातून जातं. घरात सहा माणसं असली तर पाच वेळच्या वुजूसाठीच दिवसातून तीस वेळा नळ सुटतो, तोही जमिनीपासून फूट-दोन फुटांवर. त्यात गुस्ल, कपडे, भांडी. भिंतीचा सगळ्यांत खालचा हातभर भाग आतल्या आत मऊ होत जातो, आणि वरची चकचकीत टाइल ते कुणाला दिसू देत नाही. उघड्या मातीच्या भिंतीला ओल लागली तर डोळ्यांना दिसते, वेळेवर लिंपता येते. झाकलेल्या भिंतीचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून आधी एक गोष्ट पाहा. धाबं कशावर टेकलं आहे? लाकडी खांब आणि तुळयांवर असेल तर ही भिंत नुसती आडोशाची आहे. तुळया थेट भिंतीवर टेकल्या असतील तर भिंतीच्या बुडात पाणी मुरणं हा टाइलपेक्षा फार मोठा प्रश्न आहे. तेव्हा खालचं थोडं प्लास्टर काढून आतली माती हाताने दाबून बघा. ती ओली, मऊ लागली तर सगळं काम थांबवून आधी माणूस दाखवा, मिस्त्री नव्हे, इंजिनिअर.

काहीजण सुचवतात की भिंतीवर कोंबडीजाळी ठोकून नवं प्लास्टर करू आणि त्यावर टाइल लावू. विटेवर जाळी उपयोगाची आहे. मातीत ठोकलेला खिळा मात्र वर्षभरात सैल होतो, आणि मग जाळी, प्लास्टर, टाइल असं सगळं ओझं त्या सैल खिळ्यांवर लोंबकळतं. हा मार्ग मी सुचवणार नाही.

त्याऐवजी दोन मार्ग आहेत. पहिला बिनखर्चाचा. नळ, शॉवर, वुजूची चौकी, सगळं विटांच्या भिंतींकडे हलवा आणि मातीची भिंत कोरड्या बाजूला ठेवा. तिच्यावरचं सिमेंट पोकळ वाजत असेल तर काढून चुन्याचा गिलावा करा, टाइल नको. चार भिंतींना एकसारखी टाइल हवी हा हट्ट सोडला तर यासारखं सोपं काही नाही. दुसरा मार्ग, मातीच्या भिंतीच्या आतून साडेचार इंची विटांची नवी भिंत, तिच्यापासून इंच-दोन इंच अंतर सोडून, दोन्ही बाजूंच्या विटांच्या भिंतींना सांधून. वरचं तोंड बंद करायचं, म्हणजे त्या फटीत पाणी-उंदीर जाणार नाहीत. बाथरूम सहा इंचांनी लहान होईल. ही भिंत नुसत्या कोब्यावर उभी करू नका, खाली मुरूम लागेपर्यंत जाऊन काँक्रीटचा पट्टा घाला. आणि खोदताना जुन्या भिंतीच्या कडेने पूर्ण लांबी एकदम खोदू नका. दोन-तीन फूट खोदा, भरा, मग पुढचं. मातीच्या भिंतीचा पाय एकदम उघडा केला तर ती बसते. मजूर घाईत असतात, तेव्हा घरातल्या कुणीतरी तिथे उभं राहावं.

विटांच्या भिंतींबद्दल अजून थोडं. टाइलच्या आधी प्लंबर येतो आणि पाइपांसाठी खाचा पाडतो. साडेचार इंची भिंतीत दोन इंच खोल आडवी खाच म्हणजे भिंत तिथे निम्मी कापली. उभी खाच चालते, लांब आडवी नको. पाइप शक्यतो फरशीखालून आणून हवा तिथे सरळ वर न्यावा. खाच भरताना नुसता माल कोंबू नका, वरून जाळीची पट्टी द्या, नाहीतर पुढे टाइलवर नेमकी तीच रेघ तडकते.

प्लास्टर नवं करायचं ठरलं तर विटांचे सांधे अर्धा इंच खोल खरवडून, भिंत भिजवून, एकास चार प्रमाणात करा आणि पृष्ठभाग खडबडीतच ठेवा. घोटून गुळगुळीत केलेलं प्लास्टर दिसायला छान, टाइलसाठी वाईट. वाळू आधी तपासा. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घेऊन जोरात हलवा, तासाभराने वाळूवर गाळाचा जाड थर बसला तर ती वाळू परत पाठवा. प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारा, नंतर दोन-तीन आठवडे सुकू द्या.

जुन्या टाइलवरच नवी टाइल लावायची का, असंही पुष्कळजण विचारतात. जुनी टाइल ठोकून सगळीकडे भरीव वाजत असेल आणि भिंत विटांची असेल तर त्यासाठीच्या अ‍ॅडेसिव्हने लावता येते. एकही रांग पोकळ असेल तर जुनी काढा.

अ‍ॅडेसिव्ह घेताना पिशवीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि त्याखाली टाइप कोणता ते वाचा. टाइप १ साध्या सिरॅमिकसाठी असतो, मोठ्या विट्रिफाइडला त्यावरचा टाइप लागतो. विट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या रबडीने ती भिंतीला धरत नाही. सिरॅमिकची सवय असलेले मिस्त्री तिथेच फसतात. दुसरी सवय, टाइलच्या मागे चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे मालाचे गोळे ठेवून टाइल दाबायची. मधली जागा पोकळ राहते, तिथे पाणी साचतं, आणि त्या पोकळीवर जरा धक्का बसला की टाइल फुटते. दातेरी थापीने भिंतीवर अ‍ॅडेसिव्ह पसरा, मोठ्या टाइलच्या पाठीवरही पातळ हात द्या. पहिल्या दोन-तीन टाइल्स लगेच काढून पाठ बघा, सगळी भरलेली असली पाहिजे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पसरलेलं अ‍ॅडेसिव्ह दहा-पंधरा मिनिटांत वरून सुकतं, बोटाला लागेनासं झालं तर खरवडून नवं लावायचं. मिस्त्रीशी मजुरी ठरवतानाच हे सगळं बोलून घ्या, चौरस फुटाला थोडे जास्त द्यावे लागले तरी द्या. घाईचं काम तो आपल्याच सांगण्यावरून करतो.

आणि टाइल्सची खोकी तपासणीनंतर विकत घ्या. आधी घेतली की घरात पडलेला माल बघून भिंत कशीही असली तरी काम उरकावंसं वाटतं. पैसे अडकलेले, खोकी फुटलेली, दुकानदार परत घेत नाही.

बहिणीने पत्राच्या शेवटी विचारलं आहे की सासूबाईंना उठता-बसता धरायला भिंतीवर दांडा लावायचा आहे, तो टाइलवर चालेल का. चालेल, पण विटांच्याच भिंतीवर. त्याचे स्क्रू टाइल आणि प्लास्टर पार करून विटेत, सांध्यात नव्हे, किमान दोन इंच गेले पाहिजेत. म्हातारं माणूस उठताना आपलं सगळं वजन त्या दांड्यावर टाकतं, तेही झटक्याने. दांड्याची जागा टाइल लावण्याआधी ठरवा, तिथे साडेचार इंची भिंतीत आरपार बोल्ट घालून बाहेरच्या बाजूने लोखंडी पट्टी देता आली तर सगळ्यांत उत्तम. टाइलला भोक पाडताना हातोडीचं मशीन लावू नका, साध्या ड्रिलने आणि टाइलच्या बिटने हळूहळू पाडा, नाहीतर नेमकी तीच टाइल मागून सुटेल. लावून झाल्यावर सासूबाईंच्या आधी घरातल्या सगळ्यांत वजनदार माणसाने दोन्ही हातांनी त्याला लोंबकळून पाहावं.